खुणेचं कापड

माझ्या सासऱ्याला मी त्या सकाळी जिवंत कसं सोडलं, याचं मला आजही नवल वाटतं. माझ्या हातात कोयता होता, डोक्यात आग होती आणि म्हातारा उकिडवा बसून भाताच्या रोपांतलं तण उपटत होता. विमान डोक्यावरून जाऊन गोळ्यांच्या पेट्या भलतीकडेच टाकून गेलं होतं, आणि हा तण उपटत होता!

आमच्या डोंगरावर त्या वर्षी सगळं वरूनच पडायचं. तांदूळ वरून, मीठ वरून, बूट वरून, गोळ्या वरून. चार पावसाळे कोणी धड शेत केलं नव्हतं, कारण शेतावर गेलेला माणूस घरी येईलच असं नव्हतं. खाली दऱ्यांत व्हिएतनामी फौज, वर आम्ही डोंगरातले हमोंग लोक, आणि आमच्याही वर अमेरिकनांची विमानं. ती आली की आम्ही जेवायचो, नाही आली की रानातले कंद उकडायचो. सगळा जीव असा परक्याच्या हातात. मला त्याची चीड यायची, पण पोरांच्या तोंडात चीड घालता येत नाही.

विमानवाला काही डोळे मिटून टाकत नसे. माथ्यावर एक सपाटी होती, तिच्यावर नारिंगी कापडाच्या पट्ट्या पसरायच्या. आकार रोज वेगळा. आज फुली, उद्या चौकोन, जसं रेडिओवर ठरेल तसं. आकार चुकला की विमान वळून परत, कारण कापड काय, व्हिएतनामीही पसरू शकतात. आकार बरोबर असला की बरोब्बर कापडावर माल. तांदळाच्या गोण्यांना हवाई छत्री नसायची, त्या धाडधाड आपटायच्या. एकदा एक घाई करणारी बाई गोणीखाली सापडली, तेव्हापासून विमान पुरतं जाईपर्यंत आम्ही झाडाखालून हलत नसू.

तर माझे सासरे, न्या तू त्यांचं नाव. त्यांच्याकडे घराण्याचं बी होतं. त्यांच्या आज्याने चीनमधून डोंगर ओलांडताना कमरेला बांधून आणलेला भात. दरवर्षी पेरला तर जगतो, नाहीतर मरतो. गोळीबार असो, रोगराई असो, म्हातारा कुठेतरी मूठभर पेरायचाच, आणि नवा भात निघाला की पहिला घास पूर्वजांना. वरून पडलेला तांदूळ पूर्वजांना दाखवायला त्यांची ठाम ना.

"कोणी पेरला, कोणाच्या वाडवडलांचा, काही ठाऊक नाही," ते म्हणायचे. "माझा बाप तो तोंडात घेणार नाही."

"तुमचा बाप मेलाय, आबा. त्याला भूक नाही. माझी पोरं जिवंत आहेत."

"म्हणून तर पेरतो. विमानं काय जन्मभर येणार आहेत?"

यावर मी भांडी जोरात आपटायचे. त्या वर्षी घरामागे खंदक खणले होते, उतारावर सुरुंग पुरले होते. मोकळी जागा म्हणून उरली ती फक्त ती सपाटी. म्हाताऱ्याने तिच्या एका कडेला पेरलं. रोपं वीतभर आली आणि एका सकाळी तांदळाच्या गोण्या थेट त्यांच्यावर पडल्या. अर्धी रोपं चिखलात गेली. म्हातारा त्या दिवशी जेवला नाही. आणि मी हसले! काय करणार, मला हसू आलं. ज्या भातासाठी रडायचं तो समोर गोण्या भरभरून पडलेला.

पुढच्या आठवड्यात व्हिएतनामी चहूबाजूंनी वर सरकले. रोज उखळी तोफांचा मार. त्यात धुकं असं बसलं की विमान येईना. माझा नवरा कोवा माथ्यावरच्या तुकडीत होता. एका पहाटे धुकं फाटलं तेव्हा तो घाईघाईने घरी आला, तान्ह्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्या कानाशी म्हणाला, "आज विमान येतंय. तांदूळ नाही, गोळ्या. आमच्याकडे उद्या सकाळपर्यंत पुरतील एवढ्याही नाहीत. कोणाला बोलू नको."

"आबांना?"

"त्यांना तर मुळीच नको. म्हातारा गावभर करेल. लोकांना कळलं गोळ्या संपल्यात, की अर्धे आजच पळतील."

मी गप्प बसले. म्हाताऱ्याला वाटलं, नेहमीसारखा तांदूळच येणार. कापड पसरायचं काम त्यांचंच असे, कारण लढायच्या वयाचे सगळे खंदकात. रेडिओवाल्या लूने त्यांना आकार सांगितला आणि तो निघून गेला. विमान आलं, पोट उघडलं, छत्र्या फुलल्या आणि डोलत डोलत आमच्या डोक्यावरून पूर्वेच्या सोंडेकडे उतरू लागल्या. मी धावत सपाटीवर गेले. कापड नव्हतं, आणि म्हातारा तण उपटत बसलेला.

"आबा, कापड कुठंय?"

"खाली सोंडेवर नेलं. फुलीच आहे, बरोबर घातलीय. इथे गोण्या रोपं मारतात. तिथनं वाहून आणू की! आपण काय कमी वाहतो?"

"आबा, त्या गोळ्या होत्या!"

"गोळ्या?"

"सोंडेच्या खालच्या रानात व्हिएतनामी बसलेत! कालपासून बसलेत! तुम्ही त्यांच्या दारात नेऊन ठेवलंत सगळं!"

त्यांच्या हातातलं तण गळून पडलं. तेव्हाच मी कोयता वापरायला हवा होता, असं मला त्या दिवशी शंभरदा वाटलं. त्याऐवजी मी पोरांना शेजारणीकडे टाकलं आणि खंदकाकडे पळाले.

तिथे पोचले तेव्हा कोवा निघालाही होता. त्याच्याबरोबर आणखी चौघं. सोंड म्हणजे डोंगराचा एक उघडा दांडा, वर गुडघ्याएवढं गवत, आडोशाला काही नाही. दांड्याच्या टोकाला त्या पेट्या पडलेल्या, छत्र्या गवतावर पसरलेल्या आणि मधोमध म्हाताऱ्याची ती नारिंगी फुली. कोवा वाकून धावत होता. मी ओरडले नाही. ओरडून त्याचं लक्ष गेलं असतं.

अर्ध्या वाटेवर रानातून मशीनगन सुटली. पहिल्या दोघांचे पाय खालून कापल्यासारखे गेले. तिसरा, पांग, खाली पडला, उठला, पुन्हा धावला. कोवा पेट्यांपर्यंत पोचला. एक पेटी त्याने पांगच्या पाठीवर चढवली, दुसरी चौथ्याच्या, आणि स्वतः गवतात आडवा होऊन रानावर गोळ्या झाडू लागला, की त्या दोघांना परत यायला वाट मिळावी. चौथा खंदकाच्या तोंडाशी आला आणि तिथेच त्याच्या मानेतून गोळी आरपार गेली. पेटी आत पडली, तो बाहेर राहिला. पांग आत आला. त्याचा खालचा जबडा जागेवर नव्हता. पाठीवरची पेटी उतरवली तरी तो तसाच वाकून उभा होता, आणि त्याच्या छातीवर रक्त गळत होतं. कोणीतरी त्याला बसवलं. तो बसला आणि मेला.

कोवाची बंदूक थांबली होती.

कप्तान चोंगने दुर्बीण लावली. हा दुसऱ्या कुळातला माणूस, फार बोलणारा नव्हे. "पोटात लागलंय," तो म्हणाला. "हात हलतोय."

"मग जा ना कोणीतरी!" मी म्हणाले. "बघताय काय? मेलेत का सगळे?"

"युआ, तिथे अजून दहा पेट्या आहेत. बंदुकीच्या गोळ्या, उखळीचे गोळे. ते रानातून त्या घ्यायला येतायत. घेतल्या तर दुपारी आपल्याच गोळ्यांनी आपल्याला मारतील. तुला, मला, तुझ्या पोरांना." मग लूकडे वळून म्हणाला, "विमानं बोलव. जाळायला सांग."

लू माझा चुलतभाऊ. त्याने रेडिओ उचलला आणि वरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला लागला. वर एक छोटं विमान घिरट्या घालत होतं. ते आधी धूर सोडतं, मग मागून मोठी येतात. लू बोलता बोलता थांबला. त्याचा चेहरा उतरला.

"तो विचारतोय, कापड दिसतंय, कापडावरच टाकतो. पण कापडाजवळ तुमचं कोणी आहे का? असेल तर टाकणार नाही म्हणतो."

"आहे म्हण!" मी म्हणाले. "लू, आहे म्हण!"

लूने कप्तानाकडे पाहिलं. कप्तानाने माझ्याकडे पाहिलंच नाही. आमच्यात माणसाच्या जिवाचा शब्द त्याच्या कुळातला वडीलधारा देतो. बायको नाही, दुसऱ्या कुळातला कप्तानही नाही. आणि म्हातारा माझ्या मागे येऊन उभा होता. कधी आला होता देव जाणे. हाताला चिखल तसाच होता.

"न्या तू काका," कप्तान म्हणाला, "तुमचा पोरगा आहे. तुम्ही बोला."

म्हाताऱ्याने दुर्बीण मागितली. डोळ्याला लावली, उलटी धरली होती, कप्तानाने सुलटी करून दिली. तो बराच वेळ पाहत राहिला. मी त्याच्या पायाशी बसले. हो, मी, जिने कधी त्याला सरळ तोंडाने पाणी दिलं नाही, ती मी त्याच्या पोटऱ्या धरून बसले. "आबा, आहे म्हणा. मी जाते, मी आणते त्याला. तोवर आहे म्हणा. आबा, तुमच्या पाया पडते."

खाली गवत हलत होतं. हिरव्या टोप्या दांड्यावर चढत होत्या.

"कोणी नाही," म्हातारा म्हणाला. आणि लू गप्पच आहे असं पाहून पुन्हा म्हणाला, "तिथे आपलं कोणी नाही, सांग त्याला."

मी उठले आणि सासऱ्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत. आमच्यात असं कोणा सुनेने केलेलं मी ऐकलं नाही. म्हाताऱ्याने गालालाही हात लावला नाही. दोघांनी मला धरायला हात पुढे केले, मी एकाच्या हाताला चावले, कोयता घेतला आणि खंदकावरून उडी टाकली.

गवतातून मी सरपटत गेले. पाठीवरून गोळ्या जात होत्या, त्यांचा आवाज मोहोळ उठल्यासारखा. वाटेत पहिले दोघे पडलेले. एक अजून श्वास घेत होता, त्याने माझा घोटा धरला. मी त्याची बोटं सोडवली. त्याचं नाव मी सांगणार नाही, त्याची आई अजून आहे.

पेट्यांपाशी एक व्हिएतनामी पोचला होता. पाठमोरा, बंदूक पाठीला अडकवलेली, दोन्ही हातांनी पेटीची दोरी ओढत होता. त्याला वाटलं मागून आपलाच माणूस आला. तो न वळताच काहीतरी बोलला, म्हणजे 'धर जरा' असंच काहीतरी असणार. मी त्याच्या मानेवर कोयता घातला. पहिल्या घावाने काम झालं नाही. तो वळला, माझे केस धरले आणि आम्ही दोघं पेटीवर पडलो. त्याचं रक्त माझ्या तोंडात गेलं. मी दुसरा घातला, तिसरा घातला, तो ढिला पडला तरी घालत राहिले. मला भीती वाटली नाही. मला त्या क्षणी फक्त राग होता, आणि तो राग त्याच्यावरचा नव्हता.

"पुरे," बाजूने आवाज आला. "मेला तो."

कोवा पेट्यांच्या आड कुशीवर पडला होता. पोट दोन्ही हातांनी दाबून धरलेलं. बोटांच्या फटींतून जे दिसत होतं ते मी एकदाच पाहिलं.

"इथे काय करतेस?" तो म्हणाला. "पोरं कोणाकडे?"

"शेजारी. चल, ऊठ."

"उठतो. नाचतो पण."

"मेल्या, चेष्टा करू नको, धर मला."

मी छत्रीची दोरी तोडली, त्याच्या काखेखालून घातली, कपाळाला पट्टा लावून ओझं ओढतात तसं ओढायला लागले. त्याने दात आवळले, पण प्रत्येक ओढीला त्याच्या घशातून आवाज यायचा. थोडं पुढे एक मोठा दगड होता. त्याच्या आड पोचलो तोच छोटं विमान खाली झेपावलं आणि कापडावर पांढरा धूर उठला.

कोवाला धुराचा अर्थ माझ्या आधी कळला. लढाईत त्याची सगळी उमर गेली होती.

"आपली आहेत?"

"आपलीच."

"कोणी सांगितलं टाकायला?"

मी खोटं बोलू शकले असते. कप्तानाचं नाव सांगता आलं असतं. पण माझी जीभ अशी आहे, मनात आलं की बाहेर.

"तुझ्या बापाने. तू दिसत होतास, हात हलवत होतास, तरी. कोणी नाही म्हणाला."

मोठ्या विमानांचा आवाज आता डोंगरामागून येत होता. कोवाने माझं मनगट धरलं. "म्हाताऱ्याला सांग," तो म्हणाला, "त्याला सांग, की..."

पुढचं मला ऐकू आलं नाही. पुढचं होतं की नव्हतं तेही ठाऊक नाही. जमीन वर आली. पेट्या पेटल्या आणि आतले गोळे चहूबाजूंनी फुटू लागले. मी त्याच्यावर आडवी पडले होते, पण माझं अंग केवढं आणि तो केवढा! दगडाच्या एका बाजूने लोखंड आलं. माझा डावा दंड फाटला, डावा कान कायमचा गेला. कोवाच्या सगळ्या अंगात ते घुसलं होतं. माझ्या मनगटावरची त्याची पकड तशीच होती, ती मला एकेक बोट करून सोडवावी लागली.

धुराच्या आडोशाने दोघं जण खाली आले आणि आम्हाला वर घेऊन गेले.

वर मिळालेल्या दोन पेट्यांवर तुकडी दुपार काढेल, एवढंच कप्तान म्हणाला. नवीन माल उद्या. पण हेलिकॉप्टर पाठवतायत, बायका, पोरं आणि म्हातारे उचलायला, एकच फेरी, पाठीमागच्या खळग्यात, आत्ता. उखळीचा मारा पुन्हा सुरू झाला होता. माझा तान्हा शेजारणीने माझ्या पाठीला बांधून दिलेला, पण शोआ, माझी चार वर्षांची पोर, तिला उचलायला माझा डावा हात उठत नव्हता. आणि चालत ती वेळेत पोचली नसती.

मी म्हाताऱ्याला शोधत गेले. तो सपाटीच्या कडेला झाडाखाली बसला होता, कोवाला पुढ्यात घेऊन. सुरी हातात होती. आमच्यात मेलेल्याच्या अंगात लोखंड राहू देत नाहीत. गोळी असो, तुकडा असो, काढावाच लागतो, नाहीतर तो जड होतो, वाटेत थांबतो, पूर्वजांपर्यंत चालू शकत नाही. म्हातारा बोटाने चाचपायचा, सुरीचं टोक घालायचा, तुकडा उकरून काढायचा आणि पानावर ठेवायचा. छातीतून, मांडीतून, गालातून. कोपरापर्यंत लाल झाला होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. तुकडे चकचकीत, विमानातल्याच बॉम्बचे.

"आबा, उठा. हेलिकॉप्टर येतंय."

"तू जा."

"शोआला कोण उचलणार? माझा हात बघा."

"अजून आहेत आत," तो म्हणाला, आणि सुरी पुन्हा घातली. पलीकडे गोळा पडला, माती आमच्या अंगावर आली. त्याने कोवाच्या तोंडावरची माती पुसली आणि परत कामाला लागला.

मी त्याच्या समोर उभी होते. त्याच्यावर थुंकावं असं मला वाटत होतं. इथेच मर म्हाताऱ्या, तुझ्या लोखंडासकट मर, असं अगदी जिभेवर आलं होतं.

"त्याला कळलं का?" तो खाली बघतच म्हणाला. "कोणी सांगितलं ते?"

"कळलं. मी सांगितलं."

सुरी थांबली. "काय म्हणाला?"

"म्हाताऱ्याला सांग, म्हणाला."

"काय सांग?"

तो पहिल्यांदा वर बघत होता. आता मी काहीही म्हटलं असतं तर तो ते मरेपर्यंत वागवत बसला असता. सगळा राग माझ्या तोंडात होता, फक्त सोडायचा होता. शोआ माझ्या मागे माझा घागरा धरून रडत होती.

"म्हणाला, शोआला उचल आणि खाली उतर."

म्हातारा हळूच म्हणाला, "खोटं. कोवाने जन्मात मला कधी 'हे कर' म्हटलं नाही."

"उचला तिला, आबा."

त्याने सुरी गवताला पुसली. कोवाचे दोन्ही डोळे नीट मिटले, अंगावर छत्रीचं कापड ओढलं. उठला, रक्ताने भरलेल्या हातांनी पोरीला खांद्यावर घेतलं आणि चालायला लागला. मी मागून. खळग्यापर्यंत तो फक्त एकदाच बोलला, तेही मागे न वळता.

"पाठीत मणक्यापाशी एक राहिलाय. बोटाला लागत होता."

"माहीत आहे," मी म्हणाले. "चला."